पेन्सिलीची नावं

वडील वहीवंचे भाट.
दिवाळी सरली की गाठोडं खांद्यावर टाकून
अरुणावतीच्या काठाकाठाने गावं घ्यायचे,
लोकांच्या ओसरीत बसून
लोकांनाच त्यांचे पणजे वाचून दाखवायचे.
अमक्याचा तमका, तमक्याचे तीन,
मधला निपुत्रिक.
बदल्यात ज्वारी, पागोटं, कधी नुसताच चहा.

एका साली सारंगखेड्याच्या यात्रेत
घोडी घ्यायला गेले, पैसे पुरले नाहीत,
कुत्रा घेऊन आले.
कारवानी. नाव भवरा.
पोट पाठीला लागलेलं, तोंड निमुळतं,
आणि धावायला लागला की
कपाशीच्या ओळीच मागे पळतायत असं वाटायचं.

वडील गेल्यावर सुपडूने, माझ्या भावाने,
वहीची मागची कोरी पानं उघडली.
भवरा आणि काजळी. त्यांची विजा.
विजा पुन्हा भवऱ्यालाच दिली.
"रंगत बाहेर जाऊ देवानी नई," म्हणायचा.

खोटं कशाला बोलू, जमलं ते.
चौथ्या वेताला डोळे मिटून हात फिरवला
तरी कळायचं, हा भवऱ्याचा.
तीच खोल छाती, तोच शेपटीचा विळा.
पिल्लू विकताना सुपडू आधीच सांगायचा
दोन वर्षांनी ते कसं उभं राहील,
आणि ते तसंच उभं राहायचं.
चोपड्याहून, शहाद्याहून, एकदा तर पार सेंधव्याहून गाडी आली.
आमच्या घरावर पत्रे चढले
ते भवऱ्याच्या पाठीवरून.

पण वही मी लिहायची. अक्षर माझं बरं.
एका पिल्लाचे पणजे-पणज्या मांडताना
आठ घरं आखली
आणि भरायला नावं निघाली तीन.
माणसांच्या पानांवर असं कधी पाहिलं नव्हतं.

मग वेतं आखडली. आठ, सहा, तीन.
एकाचा टाळा फाटलेला,
पाजलेलं दूध नाकातून परत.
एक जगलं, दिवसा वाऱ्यासारखं धावायचं,
दिवेलागणीला गव्हाणीवर आपटायचं.
सुपडू म्हणाला, थंडी बाधली.

नंदुरबारचे डॉक्टर पाडवी डोळ्यात बॅटरी मारून म्हणाले,
दोष तुम्ही आणला नाही, भाऊ.
तो भवऱ्यातच होता, गप्प बसून.
तुम्ही फक्त त्याची त्याच्याशी गाठ घालून दिली.
"पण मामाची पोर करतोच की आपण," सुपडू म्हणाला.
वहिनी चुलीपाशी कळण्याची भाकरी उलटत होती.
वहिनी आमच्या मामाची.
भाकरी जरा करपली, एवढंच.

आखाजीला बाया झोक्यांवर असताना
विजाची नात कुंपणाखालून गेली.
त्रेसष्ट दिवसांनी सात.
कुणाचा एक कान उभा, एक पडलेला,
कुणाचे पाय आखूड, एक तर चक्क बांडं.
सुपडूने दोन दिवस तिकडे पाहिलं नाही.
पाहिलं तेव्हा म्हणाला,
यातलं एकही सशाला गाठायचं नाही.

खरं आहे. नाही गाठलं.
भवऱ्याची ती धाव
मी शेवटची कधी पाहिली तेही आता आठवत नाही,
आणि कुणी ती परत आणून दिली तर
पुन्हा विजा त्याच्याकडे नेणार नाही
असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.
पण संध्याकाळी अंगणात अंधार धरायला लागला
आणि सातच्या सात
गव्हाणीला वळसा घालून
माझ्या पायाशी आली.

वही घेऊन बसले.
"बापनं नाव काय लिखू?"
सुपडूने तंबाखू थुंकली.
गल्लीत ट्रॉलीच्या सावलीत
पाचसहा जण निवांत पडले होते.
त्यांच्याकडे बघत म्हणाला,
"लिखी ले. गाव."

शाईने नाही लिहिलं.
वडील संशयाची नावं पेन्सिलीने लिहायचे.
पुढच्या पानांत, माणसांच्या,
पेन्सिल पुष्कळ आहे.